सासऱ्यांच्या जुन्या लेन्स माझ्या नव्या कॅमेऱ्यावर लावू का?

पत्राचा सारांश: वाचक ३४ वर्षांच्या, मुलुंडला राहतात, नोकरी करतात. दिवाळीच्या बोनसमधून सोनीचा ए६४०० घेतला, सोबत १६-५०ची किट लेन्स. सासऱ्यांचा गिरगावात फोटो स्टुडिओ होता, तो बंद होऊन बरीच वर्षं झाली. सुनेने कॅमेरा घेतला म्हटल्यावर त्यांनी लोखंडी कपाटातून चार लेन्स काढून दिल्या. एक झेनिट कॅमेऱ्यावरची हेलिऑस ४४-२ आणि तीन निकॉन एफएम२वरच्या: २८ एफ/२.८, ५० एफ/१.८ आणि १०५ एफ/२.५. 'अ‍ॅडॉप्टर घे आणि वापर' म्हणाले. नवरा म्हणतो, हे सगळं विकून टाक, थोडी भर घालू आणि ऑटोफोकसची नवी पोर्ट्रेट लेन्स घेऊ, शिवाय जुन्या लेन्समधली बुरशी नव्या कॅमेऱ्यात शिरेल. पाच आठवड्यांनी नणंदेच्या मुलाची मुंज आहे, फोटो यांनीच काढायचेत आणि बाबांची, म्हणजे सासऱ्यांची, इच्छा आहे की नातवाची मुंज त्यांच्या लेन्सवर निघावी. वाचक विचारतात: अ‍ॅडॉप्टर कुठला घ्यावा, त्याने कॅमेरा बिघडेल का, मुंजीला या लेन्स वापराव्यात का, आणि फोटो चांगले आले नाहीत तर बाबांना काय सांगू?

नमस्कार,

आधी भीतीचं बघू, कारण घरात त्यावरूनच जास्त बोलाचाली झालेली दिसतेय. साध्या अ‍ॅडॉप्टरने, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणाऱ्या कड्याने, कॅमेरा बिघडत नाही. तो नक्की करतो काय हे एकदा कळलं की नवऱ्यालाही समजावता येईल. एफएम२मध्ये लेन्स आणि फिल्मच्या मध्ये आरसा असायचा, क्लिक केलं की तो वर उडायचा, त्याला हलायला जागा हवी म्हणून निकॉनने लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४६.५ मिलिमीटर ठेवलं होतं. झेनिटचा एम४२ म्हणजे स्क्रूवाला माउंट, त्यात हेच अंतर ४५.४६. तुमच्या सोनीत आरसाच नाही, तिथे बैठकीपासून सेन्सर १८ मिलिमीटरवर आहे. मग जुन्या लेन्सला तिचं ठरलेलं अंतर परत द्यायचं तर निकॉनला २८.५ आणि हेलिऑसला साडेसत्तावीसच्या आसपास जागा भरून काढायची, बस. उंची कमी पडते म्हणून पायाखाली पाट घ्यावा तेवढंच काम. आत काच नाही, सर्किट नाही, कॅमेऱ्याला वीज नाही की सिग्नल नाही. डीएसएलआरच्या, म्हणजे आरसावाल्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या, काळात हे इतकं सोपं नव्हतं. जुन्या कॅनन एफडी लेन्सचं अंतर ४२ आणि नंतरच्या ईएफ कॅमेऱ्यांचं ४४, म्हणजे जागा भरायची सोडून दोन मिलिमीटर उलट कमीच पडायचे, मग मध्ये काच घालावी लागायची आणि फोटोची वाट लागायची. मिररलेस, म्हणजे तुमच्यासारखे बिनआरशाचे कॅमेरे, आल्यावर कपाटातल्या लेन्स लोकांनी बाहेर काढल्या त्या याच कारणाने.

बुरशीचं म्हणाल तर नवऱ्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. लेन्समध्ये फंगस असू शकतो, मुंबईत तर असतोच असं धरून चाला. पण तो उडी मारून कॅमेऱ्यात जातो असं नाही. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे आहेत, तुमच्या नव्या किट लेन्सवरही आत्ता असतील, त्यांना वाढायला लागते ती दमट, अंधारी, हवा न खेळणारी जागा. पावसाळ्यात आपल्याकडे आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाऊन बसते, त्यात लेन्स चामड्याच्या जुन्या केसमध्ये आणि केस लोखंडी कपाटात, फंगसला याहून चांगलं घर कुठे मिळणार? म्हणून पहिलं काम, ती तपकिरी चामड्याची कव्हरं लेन्सपासून वेगळी करा. आठवण म्हणून ठेवा हवं तर, पण चामडं ओल धरून ठेवतं.

मग रात्री घरातले दिवे घालवून मोबाईलचा टॉर्च घ्या. एक-एक लेन्सचं अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं भोक, पूर्ण उघडा, म्हणजे त्याची रिंग सर्वात छोट्या एफ-आकड्यावर, आणि मागून तिरका उजेड टाकून पुढून बघा. सरळ उजेडात डोळे दिपतात, काही दिसत नाही, तिरकाच हवा. धूळ म्हणजे सुटे ठिपके, ती असली तरी काही बिघडत नाही, थोडी धूळ प्रत्येक जुन्या लेन्समध्ये असते. फंगस जाळीसारखा किंवा फांद्या फुटल्यासारखा दिसतो, बहुतेक वेळा कडेकडून सुरू होतो. सगळ्या काचेवर धुकं धरल्यासारखं दिसलं तर ते हेझ, फोटो फिके आणि पांढरट येतात ते त्याच्यामुळे, आणि थोड्याशा फंगसपेक्षा खरा त्रास हेझचा. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेलाची चमक दिसली तर घाबरू नका. हेलिऑस ४४-२मध्ये पाती तुम्ही स्वतः रिंगने बंद करता, स्प्रिंगने फटकन मिटायची नसतात, त्यामुळे पाती चिकटून बसली नसतील तोवर तेलाने फार अडत नाही.

कडेला दोन-चार धागे असतील तर लेन्स वापरा, फोटोत दिसणारही नाहीत. मधोमध जाळं असेल तर साफ करून घ्या. फोर्टात बोरा बाजारच्या बाजूला कॅमेऱ्यांची दुकानं आहेत, तिथे चौकशी केली की जुनी काम करणारी माणसं सापडतात, आणि बाबांना तर तिथला कोणीतरी ओळखीचा असणारच, त्यांनाच सोबत न्या. फक्त 'उघडल्यावर बघू' या बोलीवर लेन्स ठेवून येऊ नका, साफसफाईचे किती आणि कोटिंग खाल्लेलं निघालं तर किती, हे आधी ठरवा. फंगस फार दिवस राहिला की काचेवरचं कोटिंग खातो, मग तो पुसला तरी डाग राहतो, त्यावर कुणाकडेच इलाज नाही. आणि कृपा करून व्हिडिओ बघून घरी उघडायला जाऊ नका. फोकसचे आटे निघताना जिथून सुटले तिथूनच परत बसवावे लागतात, एक आटा चुकला की लेन्स इन्फिनिटीला जात नाही, म्हणजे खूप लांबचं कधी फोकसमध्ये येत नाही.

साफ झाल्यावर ठेवायचं कुठे? हवाबंद प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटं आर्द्रता मोजायचं मीटर. ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिलं पाहिजे. जेलचा रंग बदलला की तापवून परत वापरा. ड्राय कॅबिनेट घेतलंत तर उत्तमच, पण चार लेन्ससाठी डबा पुरतो. नवा कॅमेराही त्यातच ठेवा, मुलुंडची हवा नव्या-जुन्यात भेद करत नाही.

आता पैशाचं. पत्रात दोनदा लिहिलंय की 'फुकट मिळालेल्या लेन्स आहेत तर नवी कशाला घ्यायची', आणि नवरा म्हणतोय 'विकून नवी घेऊ'. म्हणजे तुम्ही दोघंही असं धरून चाललाय की या लेन्स आणि ती नवी लेन्स एकाच कामाच्या आहेत, त्यातली एक असली की दुसरी नको. मला हेच पटत नाही. नवी ऑटोफोकसची लेन्स ए६४००वर डोळा शोधून पकडते, मूल पळत असलं तरी पकडून ठेवते, कॅमेरा याच कामासाठी नावाजलेला आहे. जुनी लेन्स लावली की तो सगळा भाग बंद. फोकस तुमच्या बोटांनी, अ‍ॅपर्चर लेन्सवरच्या रिंगने, फोटोच्या माहितीत लेन्सचं नाव नाही की एफ-नंबर नाही. बदल्यात मिळतं काय तर वेगळ्या रंगाचा, जरा मऊ, उजेडासमोर थोडा विरघळणारा फोटो, आणि सावकाश काम करायची सक्ती. ही सक्ती काही लोकांना फार आवडते, काहींना दुसऱ्याच रविवारी कंटाळा येतो. तुम्ही कुठल्या बाजूच्या आहात ते पत्रातून मला कळत नाही, तुम्हालाही अजून माहीत नसावं, आणि ते कळायला एका साध्या अ‍ॅडॉप्टरचा खर्च पुरे आहे. म्हणून आत्ता काही विकू नका. विकायचं तर वर्षभराने विका, लेन्स पळून जात नाहीत. आणि त्या अजून बाबांच्या आहेत, विकायचं कोणी बोलायचं ते त्यांनी.

अजून एक, हेलिऑसबद्दल. 'रीलमध्ये दाखवतात तसं गोल फिरणारं बॅकग्राउंड मिळेल ना' असं तुम्ही विचारलंय. ए६४००वर मिळेल, पण कमी. तो भोवरा चित्राच्या कडेला असतो आणि तुमचा सेन्सर एपीएस-सी, म्हणजे फिल्मच्या फ्रेमपेक्षा लहान, त्यामुळे कडा कापल्या जाऊन मधला भाग तेवढा येतो. रील बहुतेक फुल फ्रेम, म्हणजे फिल्मच्या फ्रेमएवढा सेन्सर असलेल्या, कॅमेऱ्यावरची असतात. तरी बघायचं असेल तर राणीच्या बागेत नाहीतर माटुंग्याच्या फाइव्ह गार्डन्सला जा, माणूस दीड-दोन मीटरवर उभा करा, त्याच्या बऱ्याच मागे झाडी आणि पानांतून आकाशाचे तुकडे दिसतील असं बघा, एफ/२वर काढा. भिंतीसमोर काढलात तर काहीच फिरणार नाही, मग लेन्सला नावं ठेवू नका. फोकल रिड्यूसर नावाचा काचवाला अ‍ॅडॉप्टर असतो, तो चित्र ०.७१ पट आवळून कापलेला भाग जवळजवळ परत आणतो आणि वर एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, उजेडही देतो, पण तो महाग पडतो आणि स्वस्तातला घेतला तर कडा खराब करतो. पहिल्याच फटक्यात त्याच्या मागे लागू नका.

कडा कापल्या गेल्याने तुमच्या कॅमेऱ्यावर कुठलीही लेन्स तिच्या आकड्याच्या दीडपट असल्यासारखी दिसते, हा हिशेब चारही लेन्सना लावा म्हणजे कुठली कशासाठी ते कळेल. २८ची तुमच्याकडे ४२सारखी दिसते, म्हणजे जवळजवळ नॉर्मल लेन्स, घरात आणि रस्त्यावर सगळ्यात उपयोगाची हीच. ५०ची ७५ होते, ५८ची हेलिऑस ८७, दोन्ही पोर्ट्रेटच्या. १०५ची होते साधारण १५८, म्हणजे हॉलमध्ये मागच्या खुर्चीवरून किंवा मोकळ्या जागेतच. बाबांच्या चार लेन्समधली नाव मिळवलेली हीच, १९८४मध्ये स्टीव्ह मॅकरीने पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत काढलेला हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो एफएम२ आणि १०५ एफ/२.५वरच काढलेला आहे. अर्थात त्याच्याकडे दिवसाचा मऊ उजेड होता, तुमच्याकडे मंगल कार्यालयाच्या ट्यूबलाइट आहेत.

म्हणजे आता मुंजीवर यायलाच हवं. माझं स्पष्ट मत, मुंज या लेन्सवर काढू नका. सगळी तर नाहीच. हिशेबच बघा ना, हेलिऑसने एफ/२वर दोन मीटरवरून फोटो काढला तर जेवढं शार्प येतं ती पट्टी जेमतेम नऊ-दहा सेंटीमीटरची. १०५ने एफ/२.५वर अडीच मीटरवरून काढला तर सहा सेंटीमीटरही नाही. आठ वर्षांचा मुलगा, सकाळपासून उपाशी, डोक्यावरचे केस नुकतेच गेलेले, तो सहा सेंटीमीटरच्या आत बसून राहील? मातृभोजनात आई घास भरवते तो क्षण, मंगलाष्टकांनंतर अंतरपाट दूर होतो तो, भिक्षावळीत आजी पुढे येते ती, यातलं काही दुसऱ्यांदा होत नाही. भटजी तुमच्या फोकससाठी थांबत नाहीत, होमाचा धूर तर मुळीच थांबत नाही. तिथे किट लेन्स आणि ऑटोफोकस. किट लेन्स उजेडात कमी पडते हे खरंय, जमलं तर त्या दोन दिवसांसाठी चांगली ऑटोफोकसची लेन्स भाड्याने आणा, मुंबईत मिळतात. त्यात नवऱ्यालाही कळेल की त्याला हवी ती लेन्स खरंच घ्यायची का.

बाबांच्या लेन्सचं काय? त्यांना मुंजीतला असा वेळ द्या जो तुमच्या हातात आहे. आदल्या दिवशी ग्रहमखाच्या आधी किंवा जेवणं झाल्यावर खिडकीजवळ खुर्ची टाका आणि एकेका माणसाला बसवा, आजी, आत्या, मामा, स्वतः मुंजमुलगा. बसलेला माणूस हलत नाही, तुम्हाला भिंग लावून, म्हणजे कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर तेवढाच भाग मोठा करून, डोळ्यावर फोकस करता येतो, दोन-तीन फोटो काढता येतात. तिथे ५० आणि हेलिऑस सोनं आहेत, आणि एफ/२.८ किंवा ४वर काढा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवायचा हट्ट नको. आणि त्या खुर्चीच्या बाजूला बाबांना उभं करा. कोणी कसं बसावं, हनुवटी कुठे, हात कुठे ठेवायचे, स्टुडिओवाल्या माणसाला हे तुमच्यापेक्षा चांगलं कळतं.

तुमचा शेवटचा प्रश्न, फोटो चांगले आले नाहीत तर बाबांना काय सांगू. मला वाटतं तुम्ही त्यांना जरा जास्तच नाजूक समजताय. ज्याने गिरगावात स्टुडिओ चालवला आणि एफएम२वर लग्नं काढली, त्याने ३६ फोटोंच्या रोलवर, आधी न बघता, गिऱ्हाइकाला उत्तर द्यायच्या धास्तीत काम केलंय. अशी माणसं हत्यारांच्या बाबतीत भाबडी नसतात. त्या काळात कोणी त्यांच्या हातात डोळा पकडणारा कॅमेरा दिला असता तर त्यांनी दुसऱ्या दिवसापासून वापरला असता, धंदा होता तो. तेव्हा 'नातवाची मुंज माझ्या लेन्सवर' याचा अर्थ 'सगळे फोटो माझ्या लेन्सवर' असाच आहे का, हे त्यांना विचारलंत का? पत्रावरून तरी विचारलेलं दिसत नाही. तुम्हीच ठरवलंय आणि तुम्हीच ओझं घेऊन बसलाय. 'बाबा, भिक्षावळीला हाताने फोकस करायची माझी हिंमत नाही, पण पोर्ट्रेट तुमच्या ५०वर काढू या, तुम्ही बसवा सगळ्यांना' असं सरळ सांगा. फार तर थोडं कुरकुरतील.

एका गोष्टीची मात्र त्यांना आधी कल्पना द्या. त्यांनी त्यांच्या लेन्सचे फोटो पोस्टकार्ड साइजच्या प्रिंटवर बघितलेत, फार तर आठ बाय बारावर. तुम्ही २४ मेगापिक्सेलचा फोटो लॅपटॉपवर शंभर टक्के झूम करून दाखवलात तर पापण्या मऊ दिसतील, काळ्या-पांढऱ्याच्या कडेला जांभळी किनार दिसेल, आणि त्यांना उगाच वाटेल की लेन्स बिघडली. बिघडलेली नाही, तेव्हा इतकं आत डोकावून कोणी बघतच नव्हतं. त्यांना दाखवताना प्रिंट काढून दाखवा.

आता अ‍ॅडॉप्टर. चारपैकी तीन लेन्स निकॉनच्या आहेत, म्हणून आधी निकॉन एफ ते सोनी ई घ्या. साधा, काच नसलेला, ऑटोफोकसच्या गमजा नसलेला. दोन प्रकार दिसतील, एक निकॉन एफ किंवा एआयचा आणि एक 'जी'चा. जी वाल्यावर स्वतःची एक जास्तीची रिंग असते, कारण निकॉनच्या नंतरच्या जी लेन्सवर अ‍ॅपर्चरची रिंगच नाही. बाबांच्या लेन्सवर रिंग आहे, तुम्हाला साधा पुरतो. जी वाला घेतलात तरी चालेल, पुढेमागे कोणाची नवी निकॉन लेन्स लावता येईल, फक्त त्याची रिंग पूर्ण बंद बाजूला ठेवा आणि लेन्सची रिंग वापरा. लेन्सची रिंग फिरवूनही स्क्रीनवर उजेड बदलत नसेल तर अ‍ॅडॉप्टरची रिंग उघडी राहिलेली असते, लेन्स बिघडलेली नसते. आणि निकॉनची लेन्स तुमच्या सोनीच्या उलट दिशेने फिरवून बसते, जोर लावू नका, बाबांना बसवायला सांगा.

हेलिऑससाठी एम४२ ते सोनी ई. इथे एकच गोची आहे. टी२ नावाचा दुसरा एक स्क्रू माउंट आहे, व्यास तोच ४२ मिलिमीटर पण आट्याचं अंतर ०.७५, एम४२चं १ मिलिमीटर. फोटोत दोन्ही सारखे दिसतात, एक-दीड फेरा आत जातो आणि मग अडकतो, तिथे जबरदस्ती केलीत की आटे गेले. हेलिऑस ४४-२ला मागे पिन नाही, त्यामुळे कुठलाही एम४२ अ‍ॅडॉप्टर चालतो. पण ज्यांच्याकडे नंतरच्या एम४२ लेन्स आहेत त्यांनी मागे बारीक पिन आहे का बघावं, असेल आणि लेन्सवर ऑटो-मॅन्युअलचा खटका नसेल तर पिन दाबून धरणारी कड असलेला अ‍ॅडॉप्टर घ्यावा, नाहीतर अ‍ॅपर्चर कायम उघडंच राहतं.

स्वस्त घेऊ की महाग? मधला घ्या. महागड्या अ‍ॅडॉप्टरने फोटो जास्त शार्प येतो हा गैरसमज आहे, त्यात काचच नाही तर शार्प कशाने करणार. फरक पडतो तो जाडीच्या अचूकपणात, घट्टपणात आणि आतल्या काळ्या रंगात. जाडीचं असं आहे की अ‍ॅडॉप्टर ०.१ मिलिमीटर जास्त जाड निघाला तर २८ची लेन्स इन्फिनिटीवर लावूनही फोकस आठेक मीटरवरच थांबतो, मरीन ड्राइव्हच्या इमारती कधी शार्प येणारच नाहीत. तीच चूक १०५ला फारशी जाणवत नाही, तिथे फोकस शंभर मीटरच्या पुढे पोचतो. म्हणून बरेच बनवणारे मुद्दाम किंचित पातळ ठेवतात, मग लेन्स इन्फिनिटीच्या पुढे जाते, तुम्ही रिंग जरा मागे घेता, काम भागतं. आल्या आल्या तपासा, २८ लावून गच्चीवरून लांबची बिल्डिंग भिंगातून बघा. लांबचं शार्प होतच नसेल तर परत करा. हलवून बघा, लेन्स खटखटत असेल तरी परत. आणि आत उजेड टाकून बघा, आतून चमकत असेल तर तो उजेड सेन्सरवर सांडतो आणि फोटो फिका येतो, आत काळं मखमली कापड चिकटवलं तरी खूप फरक पडतो.

कॅमेऱ्यात पहिली सेटिंग 'रिलीज विदाऊट लेन्स' सुरू करायची. ती बंद असली की कॅमेऱ्याला वाटतं लेन्स लावलेलीच नाही आणि तो क्लिकच करत नाही, आणि माणूस अ‍ॅडॉप्टर खराब निघाला म्हणून दुकानदाराशी भांडून येतो. मग मोड ए वर. उघडून फोकस करा आणि मग अ‍ॅपर्चर बंद करा, उजेडाचं कॅमेरा बघून घेतो. फोकस पीकिंगच्या, म्हणजे कॅमेरा फोकसमधल्या कडांवर दाखवतो त्या, रंगीत रेषांवर फार भरवसा ठेवू नका, एफ/२वर त्या फसवतात, नाकावर असतात आणि आपल्याला वाटतं डोळ्यावर आहेत, शिवाय मुंजीच्या घरात लाल, पिवळं, पांढरं सगळंच इतकं असतं की रेषा कुठली आणि झेंडू कुठला ते कळत नाही. भिंग एका बटनावर लावून घ्या आणि तेच वापरायची सवय करा. ए६४००च्या बॉडीत स्टॅबिलायझर, म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय, नाही आणि या लेन्समध्येही नाही, म्हणून ऑटो आयएसओमध्ये कमीत कमी शटर स्पीड स्वतः ठरवा, ५० आणि हेलिऑसला १/१६०, १०५ला १/२५०च्या खाली नको. कॅमेऱ्याला लेन्स कितीची ते कळत नाही, त्यामुळे हे त्याच्यावर सोडू नका. ज्यांच्या कॅमेऱ्यात बॉडीतला स्टॅबिलायझर आहे त्यांनी लेन्स बदलली की फोकल लेंथचा आकडा हाताने भरायचा, नाहीतर तो चुकीच्या मापाने सावरायला जातो.

आणि २८चं राहिलंच. हिच्यासाठी पत्र लिहिलंत तरी चालेल इतकी मजा आहे तिच्यात. एफ/८ लावा, रिंग तीन मीटरवर ठेवा आणि विसरून जा, साधारण १.९ मीटरपासून साडेसातपर्यंत सगळं शार्प. दादरच्या फूल मार्केटात पहाटे किंवा भुलेश्वरात असं फिरलात तर ऑटोफोकसपेक्षा पटकन फोटो निघतो, कारण फोकस करायचाच नाही. लेन्सवरच्या खुणा मात्र फिल्मच्या फ्रेमसाठी आहेत, तुमच्या लहान सेन्सरवर एक स्टॉप कडक धरा, म्हणजे एफ/८ लावलं असेल तर ५.६च्या खुणांमधलं अंतर खरं माना. आणि अ‍ॅडॉप्टर पातळ असला तर आकडेच सरकतात, तेव्हा टेपने तीन मीटर मोजून भिंगातून फोकस करा आणि रिंग कुठे येते तिथे बारीक पट्टी चिकटवा. बाबांचे डोळे आता बारीक फोकसला साथ देत नसतील तर त्यांनाही याच पद्धतीने कॅमेरा देता येईल.

या पत्रामुळे ज्यांना घरचं कपाट उघडावंसं वाटेल त्यांच्यासाठी थोडक्यात. आधी लेन्स निघते का बघा. यशिकाचा इलेक्ट्रो ३५ किंवा एमएफ-२, आग्फाचा क्लिक थ्री, हे आपल्याकडे घरोघरी होते पण त्यांची लेन्स बॉडीतच बसवलेली असते, तिला अ‍ॅडॉप्टर नाही. कॅनन एफडी, मिनोल्टा, पेंटॅक्स के, ऑलिम्पस ओएम या सगळ्यांना मिळतो. पेंटॅक्सच्या जुन्या ताकुमार लेन्सची काच चहासारखी पिवळी पडलेली दिसली तर फेकू नका, काही मॉडेलच्या काचेत थोरियम असायचं, त्याने ती पिवळी पडते आणि अतिनील उजेडात ठेवली की बरीचशी उतरते. आणि चोर बाजारात लेन्स घ्यायला जाणार असाल तर टॉर्च घेऊन जा, 'आतून थोडी धूळ आहे' म्हणून विकतात ती बऱ्याचदा धूळ नसते.

तुम्ही निकॉनचा अ‍ॅडॉप्टर याच आठवड्यात मागवा. चुकीचा किंवा ढिल्ला आला तर बदलून यायला वेळ हवा, आणि लेन्स साफ करायला दिली तर ती परत कधी मिळेल याचा भरवसा नाही, म्हणून आधी फक्त ५०ची द्या. हेलिऑसचा अ‍ॅडॉप्टर मुंजीनंतर घेतलात तरी काही अडत नाही, खुर्चीवरच्या पोर्ट्रेटना ५० एकटी पुरेल. मधल्या रविवारी बाबांनाच खिडकीत बसवून सराव करा, त्यांच्याइतकं चुका काढणारं गिऱ्हाईक तुम्हाला मुंजीत भेटणार नाही.